२४० वॅटात बसणारं कार्ड

आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येणारी निम्मी माणसं मशीन टेबलावर ठेवायच्या आधीच आजार काय ते सांगून मोकळी होतात. उद्यमनगरात पॅटर्न शॉप, म्हणजे ओतकामासाठीचे नमुने बनवायचा कारखाना, असलेले एक मामा परवा आले, राजारामपुरीत पार्किंग मिळालं नाही म्हणून आधी पाच मिनिटं त्याच्यावर बोलले, आणि मग म्हणाले, "विंडोज नवीन मारायचंय भावा, सारखं बंद पडालंय." सोबत पोरगा, इंजिनिअरिंग झालेला, पण तो गप्प.

बंद नेमकं कधी पडतंय म्हणून विचारलं. मेल, टॅली, टू-डी ड्रॉइंग दिवसभर उघडं ठेवलं तरी काही होत नाही, पण सॉलिडवर्क्समध्ये, म्हणजे थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, व्हॉल्व्ह बॉडीची असेंब्ली उघडली आणि माउसनं फिरवायला घेतली की खटकन बंद. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, डायरेक्ट अंधार. आणि भिंतीवरचं बटण बंद करून थोडं थांबल्याशिवाय परत चालूच होत नाही. हे शेवटचं ऐकलं तेव्हाच विंडोजचा विषय माझ्यासाठी संपला, कारण असं अडकून बसायचं काम एसएमपीएसचं, म्हणजे मशीनला पावर देणाऱ्या डब्याचं, प्रोटेक्शन करतंय. त्याला झेपंना झालं की ते स्वतःला बंद करून घेतंय.

साइड पॅनेल काढलं. कुठल्यातरी कॉर्पोरेट ऑफिसातनं निघालेला रिफर्बिश्ड मिनी टॉवर, आय फाइव्ह ८५००, सोळा जीबी रॅम, एकदम व्यवस्थित मशीन, आणि त्यात दोन पंख्यांचं भलंमोठं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, केबल्सना दाबून कसंबसं बसवलेलं. पोराकडं बघितलं तर तो म्हणाला, "सेकंड हँड स्वस्तात भेटलं दादा, आठ जीबी आहे." भेटणारच की, ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग सप्टेंबर २०२२ ला बंद झालं आणि असली कार्डं ढिगानं बाजारात आली. कार्ड वाईट नाही. पण त्याला वरून आठ पिनची पावर लागते आणि या ऑफिसच्या मशीनमध्ये तसली वायरच नसते, मग पावर येते कुठनं म्हणून वायर धरत धरत मागं गेलो, तर साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला पावर देणाऱ्या, कनेक्टरवरनं, ऑनलाइन चिल्लर पैशात मिळतं ते साटा-टू-आठ-पिन कन्व्हर्टर लावून.

कनेक्टर ओढला, निघेना. हलवत हलवत काढला तर आतल्या बाजूनं प्लास्टिक तपकिरी झालेलं, १२ व्होल्टच्या पिना जिथं असतात तेवढाच कोपरा वितळून एकजीव झालेला, आणि पिवळी वायर इतकी कडक की वाकवली तर वरचं कव्हर तडकलं. वास तर दुकानभर. हार्ड डिस्क तिथनंच पुढं जोडलेली, ती वाचली हेच नशीब.

साटाच्या पावर कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, एकीला दीड अँपिअर, म्हणजे साडेचार, म्हणजे सगळं मिळून ५४ वॅट. आणि आठ पिनचं कनेक्टर १५० वॅटसाठी असतं. आरएक्स ५८० चं रेटिंगच १८५ वॅट, त्यातले जास्तीत जास्त ७५ कार्ड बसतं त्या मदरबोर्डच्या स्लॉटमधनं मिळतात, राहिलेले ११० त्या बिचाऱ्या वायरीतनं ओढायचे. त्यात या मशीनमध्ये साटाची पावर एसएमपीएसमधनं थेट येतच नाही, मदरबोर्डवरच्या छोट्या सॉकेटमधनं येते. म्हणजे अजून थोडे दिवस चाललं असतं तर बोर्डच गेला असता आणि असले बोर्ड सहज मिळत नाहीत.

मग मामांना एसएमपीएसचं लेबल दाखवलं. मोठ्या अक्षरात २४० वॅट, पण मी बोट ठेवलं ते +१२ व्होल्टच्या रकान्यावर, तिथं १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. प्रोसेसर कागदावर ६५ चा, सगळे कोर लागले की थोडा वेळ त्याच्याही वर जातो, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे चाळीसेक धरा, हातात साधारण शंभर राहतात आणि तेही अगदी काठोकाठ वापरायचे नसतात. मामा लगेच म्हणाले, "म्हणजे सँक्शन लोड पाच एचपीचा आणि ह्यानं बसवलीय साडेसातची मोटर." आता यापेक्षा सोपं मला काय सांगता येणार होतं. पोरगा अजून गप्पच.

मोठा एसएमपीएस टाकूया का, हा पुढचा प्रश्न. साध्या असेंबल्ड मशीनला मी पण तेच म्हटलं असतं. पण इथं मदरबोर्डला नेहमीचं २४ पिन नाही, कंपनीचं स्वतःचं वेगळंच कनेक्टर, एसएमपीएसचा आकार पण वेगळा. कन्व्हर्टर केबल मिळते, लोक लावतात, पण एक कन्व्हर्टर जळालेला समोर पडलेला असताना दुसरा लावायला माझा हात धजत नाही. आणि बाजारातल्या स्वस्त '४५० वॅट' डब्यांची लेबलं वाचून बघा कधीतरी, १२ व्होल्टला याच्यापेक्षा कमी अँपिअर लिहिलेले पण सापडतील.

तर मग नियम एकच, वरनं प्लग न लागणारं कार्ड, म्हणजे ७५ वॅटच्या आतलं. आणि इथं नावं लई फसवतात. जीटी १०३० फक्त ३० वॅटचं, पण त्याच नावानं हळू डीडीआर४ मेमरीवालं पण विकतात आणि ते जीडीडीआर५ वाल्याच्या जवळपास पण येत नाही. जीटीएक्स १६५० चं रेटिंग ७५, पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलना सहा पिन असतेच, फोटो झूम करून बघायला लागतंय. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॅटचं, प्लग लागत नाही, २०२४ ला आलेलं, आणि ८ जीबीवालं १३० चं, त्याला प्लग लागतो. दोन जीबी जास्त म्हणून कुणी दुसरं घेतलं की परत साटाचं कन्व्हर्टर आलंच. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचं, पण ते डेटाच्या चारच लेनवर चालतं आणि हा बोर्ड जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, तिथं त्याचा वेग पडतो, म्हणून ते बाजूला ठेवलं.

घरी गेमसाठी असतं तर ३०५० सहा जीबी म्हटलं असतं. पण हे दिवसभर कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम, म्हणून टी १००० कार्ड सुचवलं. ५० वॅट, चार जीबी, एका स्लॉटमध्ये बसणारं बारकं कार्ड, आणि सॉलिडवर्क्सला असली प्रोफेशनल कार्डं आवडतात, त्यातलं रिअलव्ह्यू, म्हणजे पार्ट खऱ्यासारखा चकाकता दाखवायची सोय, साध्या गेमिंग कार्डावर मिळत नाही. कार्ड बघून मामांचा चेहरा पडला, "एवढंसं?" त्यांना पैशाचं नाही, आकाराचं वाईट वाटलं. एकच लक्षात ठेवायचं, त्याला मागं सगळी मिनी डिस्प्ले पोर्टची तोंडं असतात, मॉनिटरसाठी कन्व्हर्टर लागतो, पण या कन्व्हर्टरला माझी हरकत नाही, त्यातनं फक्त चित्र जातं.

साटाची ती अख्खी केबल बदलली, कार्ड बसवलं, ड्रायव्हर टाकला आणि मशीन वॅटमीटरमधनं जोडून त्यांचीच व्हॉल्व्ह बॉडी उघडली. पोरानं माउस हातात घेऊन असेंब्ली अशी गरागरा फिरवली की मलाच बघवंना, सेक्शन काढला, कोअर बाजूला केले, परत फिरवली. मीटर सव्वाशेच्या वर गेला नाही. मामा आकड्याकडं बघत होते, स्क्रीनकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

जाताना पोरगा पहिल्यांदा सविस्तर बोलला, ५८० चं काय करू म्हणून. म्हटलं विक, पण घेणाऱ्याचं लेबल बघून. रात्री व्हॉट्सअॅपवर त्याच्या दोस्ताच्या एसएमपीएसचा फोटो आला, +१२ ला ४२ अँपिअर, आठ पिनची वायर स्वतंत्र. बसतंय की, म्हणून कळवलं.