विमान पडू नये म्हणून उडवण्याआधी मी काय तपासतो

आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं छोटं विमान हवेत कोसळतं, पण त्याचं कारण बऱ्याचदा जमिनीवरच राहून गेलेलं असतं. म्हणून मी सुरुवात गुरुत्वमध्यापासून, म्हणजे विमान जिथे तोललं जातं त्या बिंदूपासून करतो, तीही बॅटरी बसवून. पंख आयताकृती आणि पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत 20 सेंमी रुंद असेल, तर पुढच्या कडेपासून 5 ते 6 सेंमीवर दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करायची आणि तिथे बोटांच्या टोकांवर विमान तोलायचं. नाक किंचित झुकलेलं हवं. शेपूट खाली गेलं तर बॅटरी पुढे सरकवतो. तेवढ्याने भागलं नाही तर नाकात वजन घालतो. इथे तडजोड नको. नाक जड असेल तर विमान सुस्त उडतं, जास्त वेगाने उतरतं, पण ताब्यात राहतं. शेपूट जड असेल तर एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी) जरासा ओढताच नाक उसळतं, वेग संपतो आणि सावरायला उंची उरत नाही. बॅटरी पट्ट्याने घट्ट आवळा. ती हवेत मागे सरकली की हाच प्रकार होतो.

मग चालू करताना ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट आधी, विमानाची बॅटरी नंतर. विमानाच्या मागे उभं राहून रिमोटवरची काठी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन (विमान बाजूला कलवणारी पंखाची हलती पट्टी) वर, डावा खाली. नुसता हलतोय एवढं पाहून चालत नाही, दिशा पाहायची. सर्व्हो, म्हणजे या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर बदलल्यावर किंवा ट्रान्समीटरमध्ये भलतंच मॉडेल निवडलं गेल्यावर ती उलटते. प्रत्येक बिजागरी हलकेच ओढून बघतो.

फेलसेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटला तर विमान काय करतं, हे पाहण्यासाठी प्रोपेलर काढतो, थ्रॉटल (मोटरचा वेग) थोडा उघडतो आणि ट्रान्समीटर बंद करतो. मोटर थांबलीच पाहिजे.

तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरली की 12.6 व्होल्ट दाखवते. नव्या विमानाला मी टायमर 4 मिनिटांचा लावतो आणि उतरल्यावर मोजतो, सेलमागे 3.7 ते 3.8 व्होल्ट उरले पाहिजेत.

उड्डाण आणि उतरणं वाऱ्याच्या तोंडावर. धोक्याची जागा म्हणजे उतरण्याआधीचं शेवटचं वळण. वारा पाठीशी असताना जमिनीच्या मानाने विमान वेगात दिसतं, म्हणून आपण थ्रॉटल कमी करतो, वळणात एलिव्हेटर ओढतो आणि वळणाच्या आतल्या बाजूचा पंख उचल गमावून खाली पडतो. मी ते वळण उंचावर, रुंद आणि थोडा थ्रॉटल ठेवून घेतो. विमान आपल्याकडे तोंड करून येत असेल तर जो पंख खाली दिसतो, त्या बाजूला काठी न्यायची. पंख सरळ होतो. मोटर बंद पडली तर एलिव्हेटर ओढून विमान हवेत धरून ठेवू नका. नाक थोडं खाली करून वेग टिकवा आणि समोर सरळ उतरवा.