बाबांच्या तबकड्या आणि आईचा हिशेब

बाबांचा स्वादुपिंडाचा कर्करोग आता शेवटच्या टप्प्यात आहे. केमोथेरपी थांबवली असून दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी देणे एवढेच आमच्या हाती उरले आहे. तरीही घरात सर्वाधिक बोलणे होते ते तबकड्यांविषयी. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात उन्हातान्हात हिंडून बाबांनी अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) ध्वनिमुद्रिका उभी हयात जमवल्या. एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे, आणि दर बाजूनंतर ग्रामोफोनची पोलादी सुई बदलायची, असा तो खटाटोप.

अशा छंदाचे बाहेर कौतुक होते, पण त्याची किंमत घरातले कोणीतरी मोजत असते, आणि आमच्याकडे ती आईने मोजली, हे मला स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. दिवाणखान्यातली दोन्ही कपाटे तबकड्यांनी भरलेली असल्यामुळे तिच्या साड्या कायम ट्रंकेत राहिल्या.

हल्ली तबकड्या पुसण्याचे काम तीच करते. इंजेक्शनसाठी आणलेली स्पिरिटची बाटली कपाटाजवळ दिसली, की बाबा अंथरुणातूनही अस्वस्थ होतात, कारण या तबकड्या लाखेच्या असतात आणि स्पिरिटने लाख विरघळते. म्हणून आई साबणाचे कोमट पाणी घेते, मधले लेबल कोरडे राहील अशा बेताने मलमलचे फडके खाचांच्या दिशेने फिरवते आणि तबकडी उन्हात न ठेवता सावलीत उभी करते. (हे तिला कोणी शिकवले नाही, इतकी वर्षे ती नुसते पाहत आली होती.)

हा संग्रह विकावा असे दादाचे मत आहे, एखाद्या संग्रहालयाला द्यावा असे माझे. त्यावरून आमचे खटकेही उडाले आहेत. निर्णय काहीही झाला तरी यादी हवीच, म्हणून बाबा सांगतात तसे मी गायक, कंपनी, क्रमांक आणि तडा असल्यास तो वहीत उतरवून घेतो. बाबा एखाद्या तबकडीपाशी अडखळले की आई स्वयंपाकघरातून सांगते, “अहो, ती नाही का, त्या महिन्यात दादाच्या शाळेची फी थकली होती!” तिचे हे स्मरण सहसा चुकत नाही. परवा बाबा मला म्हणाले, “तेही लिही. वेगळा रकाना आख.”

तो मी आखला आहे. आई सांगते त्या वेगाने भरतो आहे, आणि दादाने अजून तो वाचलेला नाही.