दऱ्या : दोन गुण की तीन?

तक्रार रात्री दहाला आली, सोबत स्क्रीनशॉट. दोन खेळाडूंच्या शब्दयाद्या शेजारी शेजारी आणि दोन्हींत लाल गोल केलेला एकच शब्द : दऱ्या. खाली मिरजेच्या पोराने लिहिलं होतं, "ताई, दोघांचा शब्द एकच आहे ना? मग रद्द का नाही झाला? बरं, नाही तर नाही, पण त्यांना तीन आणि मला दोन कसे?"

मी सांगलीत घरी बसून एका ऑनलाइन मराठी शब्दखेळाचं काम बघते. आधी बारा वर्षं मुद्रितं तपासली, आता शब्दयादी, नियम आणि भांडणं. भांडणंच जास्त. बहुतेकांना उत्तर ठरलेलं असतं, याला नव्हतं. त्यात ऑगस्ट, कृष्णेच्या पुराचे दिवस. फोनवर दिवसभर आयर्विन पुलाखालच्या पाण्याचे फूट येत होते (४० ला इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ), त्या गर्दीत हा मेसेज मी तसाच वर सरकवला होता. मग अंतिम फेरीचा निकाल उघडला. साताऱ्याच्या निवृत्त शिक्षिका, ४१. मिरजेचा पोरगा, ४०.

म्हणजे फरक त्याच शब्दातला.

खेळ साधा आहे. समोर सात व्यंजनांच्या पाट्या, दोन मिनिटं, त्यातून होतील तेवढे शब्द टाइप करायचे. काना-मात्रा-अनुस्वार फुकट, जोडाक्षर चालतं. गुणांचा तक्ता आम्ही १९७२ सालच्या बॉगल या इंग्रजी शब्दखेळावरून उचललाय, त्यात लपवायचं काय! तीन-चार अक्षरांना १ गुण, पाचला २, सहाला ३, सातला ५, आठ आणि पुढे ११. तीनपेक्षा लहान शब्द नाही. दोघांना सुचलेला शब्द दोघांचाही बाद, हेही तिथलंच. नियमांत वाक्य आहे : 'अक्षरसंख्येनुसार गुण'. ते वाक्य माझं. त्यातल्या पहिल्याच शब्दाने माझी झोप घालवली.

नोंदीतून दोघांचे दोन 'दऱ्या' उचलले आणि एकाखाली एक चिकटवले. चष्मा पुसून पाहिलं, तसूभर फरक नाही. मुद्रितात असते तर दोन्हींवर बरोबरची खूण करून पुढे गेले असते. मग जुनी सवय म्हणून शेवटी कर्सर ठेवला आणि एकेक कळ दाबत मागून पुसायला लागले. काना गेला. य गेला. इथवर दोघं जुळे. पुढे पोराच्या शब्दात खाली टिंब असलेला ऱ उघडा पडला, आणि बाईंच्या शब्दात साधा र, पाय मोडलेला. पोराचा शब्द पाच दाबांत संपला. बाईंच्याला सहा लागले.

पुण्याच्या आमच्या प्रोग्रामरला उठवलं. त्याने आधी जांभई दिली, मग शिवी दिली, मग सांगितलं. आपल्याला 'दऱ्या'तला जो आडवा बारीक र दिसतो, तो युनिकोडमध्ये (संगणक अक्षरं ज्या सांकेतिक क्रमांकांनी ओळखतो ती पद्धत) दोन वाटांनी येतो. एक, टिंबाचा ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर. नावाप्रमाणेच त्याला रुंदी शून्य, दिसत नाही, पण मोजला जातो. बाईंच्या जुन्या संगणकावरचा कळफलक तो आपोआप घालत होता. यंत्राच्या लेखी शब्द दोन, म्हणून रद्द नाही. शब्दयादी आम्ही दोन ठिकाणांहून जमवलेली, त्यामुळे दोन्ही रूपं तिच्यात होती. पाट्या जुळवताना ऱ म्हणजे र हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं, रद्द करताना कुणाला आठवलं नाही. आणि लांबी? पाचला दोन, सहाला तीन. स्पर्धा एका न दिसणाऱ्या चिन्हाने जिंकली होती.

"पण तू अक्षरं मोजतोस ना?" मी विचारलं.

"मी चिन्हं मोजतो. तू अक्षरं म्हणतेस."

मग मी एकेक शब्द घालून बघत बसले आणि अंगावर काटा आला. 'कमळ', तीन चिन्हं, एक गुण. 'स्त्री' उच्चारायला एक अक्षर, पण चिन्हं सहा : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. गुण तीन! 'करमणूक'लाही तेवढेच. 'स्वातंत्र्य' अकरा चिन्हांचं, म्हणजे थेट अकरा गुण. जोडाक्षरं रचणारे चार-पाच खेळाडू दर आठवड्याला वर का असतात ते तेव्हा कळलं. मी त्यांना शब्दसंग्रहाचं श्रेय देत होते.

प्रोग्रामर म्हणाला, चिन्हांऐवजी अक्षरगट मोजू, म्हणजे यंत्र एक अक्षर धरतं तो चिन्हांचा पुंजका. तेही करून पाहिलं. युनिकोडच्या २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आणला. त्याआधीच्या हिशेबात 'स्त्री'चे तीन तुकडे, नंतरच्यात एकच. म्हणजे जुना फोन तीन म्हणणार, नवा एक म्हणणार. गुण फोनच्या वयावर द्यायचे का?

सकाळी साताऱ्याला फोन लावला. शब्द रद्द केला तर बाईंचे तीन जाणार आणि पोराचे दोन, ३८-३८. हे बाईंना कसं सांगायचं याची मी तालीम केली होती. त्यांनी ती ऐकूनच घेतली नाही.

"बाळ, दऱ्यात अक्षरं किती?"

"बाई, चिन्हं सहा..."

"अक्षरं विचारली मी."

"दोन."

"आणि शब्द किमान किती अक्षरांचा?"

"तीन."

"मग तो चाललाच कसा? पस्तीस वर्षं पोरांना फळ्यावर दोनच मोजून दाखवली. तीन गुण कसले देतेस मला?"

माझा नियम माझ्याच गळ्यात. कसाही मोजा, शब्द बादच. बरोबरी जाहीर केली, पुस्तकांचं कुपन दोघांना पूर्ण दिलं. अर्धंअर्धं करा असं वरून आलं होतं, मी ऐकलं नाही. जुने निकाल मात्र उकरले नाहीत. ते बरोबर केलं की नाही, अजून ठरत नाही.

दोन्ही ऱ आता आत येतानाच एक केले जातात. गुण स्क्रॅबलच्या वाटेने, वापरलेल्या पाट्यांवर. तिथे पाटीगणिक गुण असतात, टाइप कसं केलं याचा संबंधच येत नाही. आमच्याकडे आता 'दऱ्या' म्हणजे द, र, य, तीन पाट्या. 'स्त्री'लाही तीन, 'करमणूक'ला पाच, 'स्वातंत्र्य'ला सहा. किमान पाट्या तीन. 'अक्षर' हा शब्द नियमांतून मी स्वतः काढून टाकला.

नवा नियम लागला त्या संध्याकाळी बाईंचा फोन आला.

"म्हणजे आता दऱ्या चालतात?"

"हो बाई. तीन पाट्या."

"आणि दरी?"

"दोनच पाट्या होतात. नाही चालत."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"एक चालत नाही, पण पुष्कळ असल्या तर चालतात," बाई म्हणाल्या. "हे तू कुणाला विचारून ठरवलंस?"