लूकचा ‘दररोज’
‘स्वतःचा क्रूस उचलून माझ्यामागे यावे’ हे प्रभू येशूचे वचन बायबलमध्ये येशूचे चरित्र लिहिणाऱ्या मत्तय आणि मार्क यांनीही नोंदवले आहे. परंतु तिसरा चरित्रकार लूक (अध्याय ९, वचन २३) त्यात ‘दररोज’ हा शब्द घालतो, आणि शिष्यत्वाची सगळी अडचण मला त्याच शब्दात दिसते. मालवणात रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणे सोपे आहे. सोमवारी टोपलीच्या तळाशी कालची मासळी न दडवणे कठीण. गेल्या पावसाळ्यात माडांच्या हद्दीवरून मी धाकट्या भावाशी अबोला धरला होता. अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाशी समेट करावा, असे मत्तय ५:२३-२४ सांगते. त्याचे अंगण दहा पावलांवर, तरी मला तिथे पोहोचायला तीन आठवडे लागले. भावजयीने काही न विचारता चहा ठेवला. हद्दीचा दगड अजून तिथेच आहे.