आईचा तंबोरा

आज सांगलीहून आईचा तंबोरा घेऊन मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलो. दहा वर्षं तो गवसणीत पडून होता, याची लाज वाटली. कारागीर चाचांनी घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, हलकेच कानस फिरवली, तारेखाली सूत सरकवलं आणि कान लावून बसले. जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, अशी कानानंच लागते. भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड तुणाचं. पूर्वी हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ही कला इथं उभी केली.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा फार आनंद झाला होता. पण आज चाचांचा नातू शेजारी दांडीला पॉलिश घासत होता ना, ते बघून त्याहून बरं वाटलं.

"आता रोज छेडा," चाचा म्हणाले.

रात्री लेकीनं षड्ज लावला. आई डोळे मिटून ऐकत होती.