मोहल्ला गंगापूर, शहर बरेली, मुक्काम ब्रॉकनहर्स्ट

अप्पा पहिल्यांदा इंग्लंडला आले ते यादी घेऊनच. यादीत सगळ्यात वर किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर होतं. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. ते घर बघून आम्ही चॉक फार्म स्टेशनकडे चालत होतो. अप्पा बराच वेळ काही बोलले नव्हते.

"अप्पा, उद्या अजून एका ठिकाणी जाऊ या का? गाडीने दीड तास लागेल."

"कोणाकडे?"

"सुखाकडे."

लंडनला येणारी किती तरी मराठी माणसं त्या घरी जातात. त्यातल्या प्रत्येकाने आणखी एक दिवस हातात ठेवावा आणि ब्रॉकनहर्स्टला सुखाच्या कबरीपाशी जावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

ब्रॉकनहर्स्ट हे हॅम्पशायरमधलं, न्यू फॉरेस्टच्या जंगलातलं गाव. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून बोर्नमथकडे जाणारी गाडी पकडायची. साउदॅम्प्टन गेलं की थोड्या वेळात गाव येतं. सकाळची कामावर जाणाऱ्यांची गर्दी टाळून नंतरच्या गाडीचं परतीचं तिकीट काढलं तर बरंच स्वस्त पडतं, आणि दोघं-तिघं असाल तर रेलकार्डाचा हिशेब आधी करून बघा.

आता एक चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. या गावात दोन चर्च आहेत. फोनवर नुसतं 'चर्च' टाकून मी अप्पांना घेऊन निघाले आणि पोचले सेंट सेव्हियर्सला. तेही सुंदर आहे, पण आपल्याला हवं ते सेंट निकोलस, आणि ते गावाच्या दुसऱ्या अंगाला, रेल्वेच्या पलीकडे एका टेकाडावर आहे. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला मी उगाच पायपीट घडवली याचं दिवसभर वाईट वाटत राहिलं. तर स्टेशनातून निघून थेट सेंट निकोलसची वाट धरायची. रमतगमत चाललं तरी पंधरा-वीस मिनिटांत पोचता. गावातलं रेल्वे फाटक मात्र गाड्यांमुळे वरचेवर बंद होतं आणि बराच वेळ बंद राहतं. परतताना ते ओलांडून ठरावीक गाडी पकडायची असेल तर तेवढा वेळ हाताशी ठेवा.

रस्त्यात घोडे भेटतात. न्यू फॉरेस्टमध्ये तट्टं, गाढवं, गाई मोकळ्या फिरतात आणि गावाच्या बाजारपेठेतही निवांत उभी असतात. त्यांना खायला घालायला बंदी आहे, हातही लावू नका. अप्पांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला होता, तो मी परत ठेवायला लावला.

चर्च फार जुनं आहे, १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत त्याचा उल्लेख सापडतो. दाराशी यू जातीचं एक झाड आहे, हजार वर्षांहून जुनं. बुंधा इतका रुंद की दोन माणसांच्या कवेत मावणार नाही. आवारात 'ब्रशर' मिल्स नावाच्या साप पकडणाऱ्या माणसाची कबरही आहे. तो १९०५ मध्ये वारला. इथे येणारे बहुतेक पर्यटक तीच शोधत असतात. आम्ही तिच्यापाशी फार थांबलो नाही.

सैनिकांच्या कबरी उतारावर आहेत. वरून पाहिलं की एकसारख्या पांढऱ्या शिळांच्या रांगा दिसतात. पहिल्या महायुद्धातल्या शंभराहून थोड्या जास्त कबरी इथे आहेत. त्यातल्या ९३ न्यूझीलंडच्या सैनिकांच्या, आणि तीन भारतीयांच्या.

न्यूझीलंडची आणि भारताची माणसं या एवढ्याशा गावात कशी आली, ते आधी सांगायला हवं. १९१४ च्या सप्टेंबरअखेर भारतीय फौज मार्सेय बंदरात उतरली आणि तिथून थेट फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत गेली. जखमी आणि आजारी सैनिकांना समुद्रापलीकडे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला आणायचे. साउदॅम्प्टन बंदर जवळ आणि रेल्वे दारात, म्हणून ब्रॉकनहर्स्टमधली मोठी हॉटेलं दवाखान्यांसाठी घेतली गेली. त्यानंतर गावाबाहेर पत्र्याच्या झोपड्यांचं एक रुग्णालय उभं राहिलं. व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या पत्नीचं १९१४ मध्ये निधन झालं होतं, त्यांचं नाव त्याला दिलं: लेडी हार्डिंग हॉस्पिटल. १९१५ अखेर भारतीय पायदळ फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे हललं, आणि १९१६ मध्ये तेच रुग्णालय न्यूझीलंडच्या सैनिकांसाठी दिलं गेलं. गावात आजही मीरत रोड आणि ऑकलंड अॅव्हेन्यू अशा पाट्या दिसतात, त्या याच दिवसांच्या. "मेरठ?" अप्पा पाटीखाली थांबून म्हणाले. हो, तेच मेरठ.

न्यूझीलंडच्या शिळांवर फर्नचं पान कोरलेलं असतं. त्यांच्याकडे पाहताना एक गोष्ट लक्षात घ्या. ब्रिटिश सैनिकांच्या शिळांच्या तळाशी बऱ्याचदा आई-वडिलांनी किंवा बायकोने दिलेली एखादी ओळ असते. न्यूझीलंडच्या शिळांवर ती नसते. त्या ओळीसाठी कुटुंबांकडून अक्षरागणिक पैसे मागितले जात होते. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या मुलाला ओळ आणि ज्याच्याकडे नाहीत त्याचा मुलगा मुका, हे न्यूझीलंडच्या सरकारला पटलं नाही. त्यांनी कोणालाच ओळ लावू दिली नाही. त्या आयांना ते किती लागलं असेल, हाही विचार मनात येतो. तरी त्या उतारावर उभं राहिल्यावर मला तो निर्णय बरोबर वाटला.

सुखाची शिळा या सगळ्यांहून वेगळी आहे. ती सैन्याने नाही, गावाने बसवली. आणि तिच्यावर मजकूर भरपूर आहे.

मी वाचत गेले आणि अप्पांसाठी तिथल्या तिथे मराठीत सांगत गेले. ब्रॉकनहर्स्टच्या गावकऱ्यांनी ही शिळा उभारली. इथे सुखाचा देह ठेवला आहे. राहणार मोहल्ला, गंगापूर, शहर बरेली, संयुक्त प्रांत, हिंदुस्थान. देश, घर, मित्र सोडून तो आमच्या राजाची आणि साम्राज्याची सेवा करायला आला आणि या गावातल्या लेडी हार्डिंग रुग्णालयात त्याने साध्या सेवकाचं काम केलं. १२ जानेवारी १९१५ रोजी वारला. वय ३०. धर्माने तो ख्रिस्ती नव्हता, पण त्याचं आयुष्य दुसऱ्यांसाठी खर्ची पडलं. आणि शेवटी बायबलमधलं वचन: सर्वांचा देव आणि पिता एकच आहे.

सुखा सफाईचं काम करायचा. संडास, घाण, रक्ताचे कपडे. भारतीय सैनिकांसाठीच्या रुग्णालयांत जातिधर्माची व्यवस्था काटेकोरपणे सांभाळली जायची. ब्रायटनच्या राजवाड्यातल्या रुग्णालयात नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं होती, हिंदूंचे आणि मुसलमानांचे नळ वेगळे होते. त्या व्यवस्थेला पूर्ण करायला सफाईवाला लागायचाच, म्हणून त्यालाही सात समुद्र ओलांडून आणलं. सुखा मेला तेव्हा त्याचं काय करायचं हा प्रश्न पडला. ही हकिकत अशी सांगतात: हिंदूंनी त्याला अग्नी द्यायला नकार दिला, कारण तो अस्पृश्य. वोकिंगच्या मुसलमानांच्या दफनभूमीत जागा मिळेना, कारण तो मुसलमान नाही. शेवटी गावचे पाद्री म्हणाले, आमच्या चर्चच्या आवारात आणा. गावकऱ्यांनी वर्गणी काढून शिळा केली.

अप्पा शिळेसमोरच्या ओल्या गवतात उभे होते. मग एकदम म्हणाले, "आपल्या गावात अजून दोन आहेत गं."

दोन म्हणजे दोन स्मशानं. एक ओढ्याच्या अलीकडे, पत्र्याची शेड, बसायला बाक, पाण्याची टाकी. दुसरं ओढ्यापलीकडे, आपल्या लोकांचं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलेलं असताना आजीला नेलं तेव्हा काय झालं होतं, ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. अप्पा तरुणपणी 'एक गाव, एक पाणवठा'च्या माणसांबरोबर हिंडलेले आहेत. पाणवठा एक झाला. स्मशान झालं नाही.

१९१५ च्या त्या जानेवारीत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. अप्पांनी हा हिशेब तिथेच बोटांवर केला. पुढच्या वर्षी ९ मे १९१६ ला त्यांनी तिथेच भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, आणि त्याच वर्षी ते लंडनला आले. सुखा तेव्हा तिथून दीड तासाच्या अंतरावर, या आवारात होता.

शिळेवरचे राजा आणि साम्राज्य हे शब्द मला खुपले. साध्या सेवकाने युद्ध पुकारलं नव्हतं. पण बाकी मजकुरात एक गोष्ट मला फार मोठी वाटते: त्यांनी त्याचा पत्ता लिहिला. मोहल्ला म्हणजे काय हे कोरणाऱ्याला माहीत नसावं, त्याला ते गावाचं नाव वाटलं असेल. तरी ऐकलं तसं सगळं उतरवून घेतलं. हा माणूस कुठल्या तरी घरातून आला होता, हे दगडावर राहिलं. आणि त्याला आवाराबाहेर नाही, आत ठेवलं. गावकुसाच्या आत.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. उतारावरचं गवत सकाळी ओलं आणि निसरडं असतं, चपला-सँडल घालून जाऊ नका. वयस्कर माणूस बरोबर असेल तर काठी घ्या, आणि वरून खाली एकदाच उतरा, म्हणजे चढ दोनदा लागणार नाही. सुखाची शिळा शोधायला आम्हाला थोडा वेळ लागला. पांढऱ्या शिळांच्या रांगांत ती सापडणार नाही, वेगळी आणि जास्त मजकुराची शिळा बघत चला. निघण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर या दफनभूमीची यादी पाहून ठेवा, बाकी दोन भारतीयांची नावंही तिथे मिळतील. त्यांच्याजवळही थांबा.

चर्चचं दार नेहमी उघडं असेल असं धरून चालू नका, पण आवारात शिरायला अडचण येत नाही. रविवारी सकाळी प्रार्थनेची वेळ टाळा. एप्रिलमध्ये २५ तारखेच्या जवळच्या रविवारी न्यूझीलंडच्या सैनिकांसाठी मोठी स्मरणप्रार्थना होते. ती बघण्यासारखी असते, पण निवांतपणा हवा असेल तर दुसरा दिवस निवडा. आवारात खाण्यापिण्याची सोय नाही, गावातल्या ब्रुकली रोडवर चहा-जेवण मिळतं. हळद-कुंकू, अगरबत्ती, दिवे नेऊ नका. दगडाला डाग पडतात, आणि कोणाच्या कबरीवर आपला विधी लादणंही बरं नाही. सुटी फुलं चालतात, वेष्टनाचं प्लास्टिक परत आणा.

आम्ही फुलं नेली नव्हती. स्टेशनाजवळ मिळतील असं मी धरलं होतं, मिळाली नाहीत. तुम्ही लंडनहूनच घेऊन निघा. अप्पांनी पाण्याची बाटली उघडली, ओंजळीत थोडं पाणी घेतलं आणि शिळेच्या पायथ्याशी सोडलं. मग खिशातून डायरी काढून मला म्हणाले, "तो पत्ता पुन्हा सांग. सावकाश."