तुम्ही विचारलंत म्हणून: ती टिस्को कितीला देणार?

घरी कोणी गिटारवाला आला की भिंतीवरची टिस्को, म्हणजे माझी जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार, बघून दोन प्रश्न ठरलेले. ‘लॉसूट आहे का?’ आणि ‘कितीला देणार?’ एकदाच सांगून टाकतो.

लॉसूट म्हणजे ज्या जपानी नकलांवरून खटला झाला त्यातली; ही ती नाही. तो खटला 1977 चा. गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीची मालक कंपनी नॉर्लिन हिने तो फिलाडेल्फियात इबानेझ या जपानी गिटारींच्या अमेरिकेतल्या कंपनीवर भरला, तोही हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या, आकाराच्या नकलेवरून. इबानेझने तोवर आकार बदललाही होता. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. त्या एका खटल्याच्या नावावर सत्तरच्या दशकातली वाट्टेल ती जपानी कॉपी आज चढ्या भावाने खपवतात. माझी त्याच्या दहा वर्षं आधीची आहे. मामा बोटीवर होता, त्याने 1967 साली कोबेहून आणली. टिस्को कंपनी कावाईने विकत घेतली तेही त्याच वर्षी. डॉलरला तेव्हा 360 येन पडायचे, म्हणजे जपानी माल तिकडे स्वस्त. असल्या गिटारी अमेरिकेत सीअर्स ही दुकानांची साखळी ‘सिल्व्हरटोन’ नावाने स्वस्तात विकायची. स्वस्त होत्या, मान्य. पण शिंगांचा तो आकार आणि दिव्याच्या बटणांसारखी बटणं कोणाची कॉपी होती, सांगा बरं!

हे शहाणपण मला 1994 साली नव्हतं. एकोणीस वर्षांचा होतो. मला ती ‘खऱ्या’ गिटारीची गरीब नक्कल वाटायची. तारांचा आवाज पकडणारे पिकअप तिला गोल्ड फॉइलचे होते, जाळीतून सोनेरी पत्रा दिसणारे. आवाज मोकळा, खणखणीत, पण जोर कमी. मला मेटल वाजवायचं होतं. वडिलांची पटाशी घेतली आणि नेकजवळ, म्हणजे मानेकडच्या बाजूला, हंबकर (जास्त जोराचा, रुंद पिकअप) बसेल एवढा खड्डा केला. थर निघत गेले, लाकूड प्लायचं निघालं, कडा फाटल्या. काढलेला पिकअप रद्दीवाल्याकडे गेला, पितळेच्या नळाबरोबर. दुसऱ्या हंबकरला पैसे नव्हते, म्हणून ब्रिजजवळचा (तारा खाली जिथे टेकतात तिथला) तेवढा वाचला.

आणि तेव्हा राय कूडर हा नावाजलेला अमेरिकी गिटारवादक आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये मुद्दाम जुना जपानी गोल्ड फॉइल बसवून वाजवत होता! मला कोण सांगणार? इंटरनेट नव्हतं. बरं, सांगितलं असतं तरी त्या पोराने ऐकलं नसतं. आणि गिटार वाजवायलाच असते ना? हे मी अजूनही म्हणतो, फक्त तिच्याकडे बघत म्हणत नाही.

मामा सुट्टीवर आला तेव्हा त्याने ती मांडीवर घेतली. फाटक्या कडेवरून अंगठा फिरवला. रागावला नाही. ‘आवाज बरा झाला का रे?’ एवढंच विचारलं.

‘हो,’ म्हणालो. झाला नव्हता. ॲम्प वाढवला की नुसती शिट्टी.

तर कितीला? गिऱ्हाइकाला तो खड्डा दाखवून कारण सांगावं लागेल, म्हणून विकत नाही. मामाची आठवण वगैरे मी पाहुण्यांना सांगतो; तेही खोटं नाही. सुटे गोल्ड फॉइल आता ऑनलाइन मिळतात, मग बसवत का नाही, असंही विचारतात. दोनदा कार्टमध्ये टाकून काढलाय.